मुके कोण? ती, की आपण?

नांदेडच्या आमच्या वस्तीत एक घर आहे. बाप मोंढ्यात हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते. तीन लेकरांतली मधली मुलगी जन्मापासून कर्णबधिर. त्यांचे नाव आम्ही इथे देत नाही. पण अशी घरे प्रत्येक वस्तीत एक-दोन तरी सापडतील.

या मुलीचा मोठा सोबती म्हणजे तिचा आजोबा. म्हातारा दर महिन्याला एसटीने लातूरला लेकीकडे जायचा आणि येताना नातीसाठी खाऊ आणायचा. मुलगी सात वर्षांची असताना आजोबा वारला. लेकरू घाबरेल म्हणून मयताच्या दिवशी तिला दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कोपऱ्यात काठी होती, आजोबा नव्हता. तिने काठी टेकत चालल्याची नक्कल केली आणि दोन्ही तळवे उघडून विचारले, कुठे गेला?

घरात पंधरा-वीस माणसे बसलेली. एकालाही उत्तर देता येईना. शेवटी तिच्या आईने गाडीचे स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात केले आणि लांब बोट दाखवले. म्हणजे लातूरला गेला. मुलीने मान हलवली. पुढे आजोबाच्या फोटोला हार घातला गेला. पण त्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीलाही हार असतोच. हारावरून त्या लेकराला काय कळणार? ती दोन वर्षे आजोबाची वाट पाहत राहिली.

या मुलीला वस्तीत सगळे 'मुकी' म्हणत. आम्हीही म्हणत होतो. पण नीट विचार केला तर त्या संध्याकाळी प्रश्न विचारला तो तिने, आणि तोंडे बंद राहिली ती आपली. मग मुके कोण?

मूकनायकाच्या लेकरांना हे कळले पाहिजे

३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपले पहिले पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. आपला समाज मुका होता तो जीभ नव्हती म्हणून नव्हे. त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नव्हते, म्हणून. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तप्त रस ओतावा अशी शिक्षा गौतम धर्मसूत्राने लिहून ठेवली. ज्यांच्या पूर्वजांच्या कानांवर असे पहारे होते, त्यांनी तरी कान नसलेल्या लेकराला शहाणपणातून वगळू नये. जुन्या काळी आपल्या माणसांना धोंड्या, कचऱ्या अशी नावे ठेवली जात. ती आपण टाकून दिली, लेकरांची नावे अभिमानाने सिद्धार्थ आणि सुजाता ठेवली. मग आपल्याच पोरीला 'मुकी' आणि 'बहिरी' या नावाने हाक कशी मारतो?

कर्णबधिर माणसाला भाषा नसते हा मोठा गैरसमज आहे. त्यांची भाषा हातांची, चेहऱ्याची आणि डोळ्यांची असते. तिला सांकेतिक भाषा म्हणतात. आपल्या देशात वापरली जाते ती भारतीय सांकेतिक भाषा. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'तू उद्या कुठे जाणार?' असे विचारायचे तर 'उद्या' आधी येते आणि 'कुठे' शेवटी. हाताची खूण तीच ठेवून भुवया उंचावल्या की साध्या वाक्याचा प्रश्न होतो. ही भाषा मराठीची किंवा हिंदीची नक्कल नाही. कर्णबधिर माणसांनी पिढ्यान् पिढ्या एकमेकांत वावरून ती घडवली आहे.

या भाषेवरही बंदी आली होती, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १८८० साली इटलीतील मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांतून हातांच्या खुणा हद्दपार कराव्यात, मुलांना फक्त ओठांची हालचाल ओळखून बोलायला शिकवावे, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय त्यांनाच बाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. त्यानंतर शंभरेक वर्षे देशोदेशींच्या वर्गांत मुलांचे हात धाकाने खाली ठेवले गेले. आपल्याकडेही शाळांचा भर बोलण्यावरच राहिला. तरी वसतिगृहात, मैदानात, गुरुजींची पाठ वळली की मुले हातांनी बोलत राहिली आणि भाषा जगली.

१९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे हे शास्त्रीय रीतीने दाखवून दिले. आपल्या देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वसिष्ठ या संशोधकाने अमेरिकी सहकाऱ्यांसोबत दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर या शहरांतील खुणांचा अभ्यास करून कोश तयार केले. वसिष्ठ स्वतः कर्णबधिर आहेत. ज्याचे दुःख, त्यानेच लेखणी हाती घेतली.

मोबाइल आहे, मग वर्ग कशाला?

आज घरोघरी मोबाइल आहे. नवी दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ पासून मोबाइलवर फुकट पाहता येतो. प्रत्येक शब्दाचे चित्रण आहे. हे काम मोलाचे आहे, त्याचा उपयोग जरूर करावा. पण नुसते पडद्यावर पाहून भाषा येईल या भरवशावर राहू नये. आमचा अनुभव सांगतो.

त्या मुलीच्या आईला तिच्या भाच्याने मोबाइलवर खुणा लावून दिल्या होत्या. रात्री भांडी आवरून ती बघायची. महिन्याभरात तिला आई, पाणी, शाळा, भाकरी असे वीस-पंचवीस शब्द आले. पण वाक्य जुळेना. समोरचा माणूस पडद्यात. तो दाखवतो, विचारत मात्र नाही. आपण चुकलो तर तो थांबवत नाही. भाषा म्हणजे सवालजवाब. जवाब देणारे कोणी नसेल तर शब्द पाठ होतात, बोलणे होत नाही.

गेल्या वर्षी वर्षावासात आम्ही काहीजणांनी विहारात रविवारचा वर्ग सुरू केला. वंदना झाली की दीड तास. शिकवायला आली एक कर्णबधिर ताई. ती शिवणकाम करते, लहानपणी निवासी शाळेत शिकलेली. पहिल्या दिवशी तिने आमच्या सतरंज्यांच्या सरळ रांगा मोडल्या आणि सगळ्यांना गोल बसवले. का? तर प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा आणि हात दिसला पाहिजे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्याला उठवले, कारण उजेड पाठीमागे असला की तोंड काळे दिसते. मग ओठांवर बोट ठेवले. पुढचा तास कोणी तोंडाने बोलायचे नाही.

त्या एका तासात आम्हाला जे कळले ते शंभर चित्रफितींतून कळले नसते. जे घरात बसून आपली लेकरे रोज सोसतात, ते आम्ही तासभर सोसले. पुरुष मंडळी अवघडून हसू लागली. बायकांचे हात पदराखालून बाहेर येईनात. चारचौघांत हात उंच करून, चेहऱ्यावर राग-आनंद आणून बोलायचे म्हणजे लाज वाटते. ताईने त्या आईचे मनगट धरले, तळवा फिरवला, कोपर वर उचलला. पडद्यावरचे बघून ती तळव्याची एक खूण उलट्या दिशेने करत होती आणि तिला कोणी सांगितलेच नव्हते. पडद्यावर हात सपाट दिसतो; तो पुढे जातो की मागे, किती जोरात, किती हळू, हे शेजारी बसूनच कळते.

समोरासमोर शिकण्याचे आणखीही फायदे हळूहळू दिसले. कर्णबधिर माणसाला हाक कशी मारायची? लांबून हात हलवावा, जवळ असेल तर खांद्यावर हलके थोपटावे, घरात असाल तर जमिनीवर पाय आपटावा किंवा दिवा एकदा बंद-चालू करावा. बोलताना नजर हटवू नये, कारण नजर वळवणे म्हणजे त्याच्या बोलण्यावर दार लावणे. या रीती कोशात शब्द म्हणून सापडत नाहीत. तसेच आपल्याकडची गावे, चौक, बाजार यांच्या खुणा इथल्या कर्णबधिर मंडळींनी आपल्या आपण ठरवलेल्या असतात. त्या इथल्याच माणसाकडून घ्याव्या लागतात.

आणि नाव! कर्णबधिरांच्या समाजात प्रत्येकाला खुणेचे नाव मिळते आणि ते त्यांनीच द्यायचे असते. तिसऱ्या रविवारी ताईने आमच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले आणि पेन खोचल्याची खूण केली. तेच आमचे नाव झाले. त्या मुलीलाही नाव मिळाले, गालावरच्या खळीवरून. आता वस्तीतली पोरे तिला त्या नावाने बोलावतात. 'मुकी' हे नाव मागे पडले.

सर्वांत मोठा फरक मात्र वेगळा होता. ज्या ताईला आजवर लोक इंच-टेप दाखवून ब्लाउजची मापे सांगत, तिच्यापुढे पंधरा माणसे विद्यार्थी म्हणून बसली. तिथे ती हुशार होती आणि आम्ही ढ. त्या मुलीने मोठी झालेली, कमावती, स्वाभिमानी कर्णबधिर बाई आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आपणही अशा होऊ, हे तिला कोणत्या शब्दांत सांगावे लागले नाही.

आमचीही एक चूक कबूल करतो. आम्ही कचेरीत कारकून. काही वर्षांपूर्वी एक कर्णबधिर तरुण अर्ज घेऊन खिडकीवर आला होता. त्याला ऐकू येत नाही हे समजल्यावर आम्ही काय करावे? आवाज चढवला. तो गोंधळून कागद घेऊन निघून गेला. आज तो आला तर निदान 'बसा, कोणता कागद हवा?' एवढे तरी विचारता येईल.

लातूरचे लग्न

वैशाखात त्या घरच्या नात्यातले मंगल परिणय लातूरला होते. आम्हीही गेलो होतो. मांडवात डीजे असा लावलेला की शेजारच्याचे शब्द ऐकू येईनात. आम्ही ऐकू येणारी माणसे एकमेकांच्या कानात ओरडत होतो आणि तरी 'काय? काय?' चालले होते. तेवढ्यात बघतो तर ही मुलगी एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला लातूरकडची एक कर्णबधिर कॉलेजची मुलगी. दोघींची मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पांची मैफल रंगली होती. नाव काय, गाव कोणते, बहिणी किती. कधी न भेटलेल्या दोन जिल्ह्यांतल्या दोन मुली! त्या गोंगाटात ज्यांना नीट बोलता येत होते अशा त्या दोघीच. मग हिची आईही हात वर करून त्यांच्यात सामील झाली. बायका बघत राहिल्या.

पण मुलगी मध्येच उठायची आणि धोतर-पटक्यातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे न्याहाळत फिरायची. आम्हाला उमजेना. तिच्या आईला उमजले. आजोबा लातूरला गेला आहे ना? ती त्याला शोधत होती.

परतीच्या एसटीत तिने आईला गदागदा हलवून विचारले. गाडीत अंधार होता आणि अंधारात ही भाषा मुकी होते. आईने तिला थोपटून थांबवले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. ट्यूबलाइटच्या उजेडात आई बाकावर बसली, मुलीला समोर उभे केले आणि सावकाश, हातांनी, सगळे सांगितले. आजोबा आजारी पडला. आजोबा मरण पावला. माणूस मेला की परत येत नाही. आजोबा कुणावर रागावून गेला नाही.

मुलगी रडली. मग तिने हात उचलून एकच विचारले, मला का नाही सांगितले?

आईने उत्तर दिले, तेव्हा मला तुझी भाषा येत नव्हती.

आम्ही चहाचा कप हातात घेऊन उभे होतो. प्रवचनांतून अनित्य हा शब्द किती वेळा ऐकला असेल. एका आईने तो आपल्या लेकीला तिच्या भाषेत सांगितला तेव्हा त्याचे वजन कळले. तथागतांचा उपदेश छंदस भाषेत बांधावा अशी सूचना दोन भिक्खूंनी केली होती, ती त्यांनी नाकारली आणि लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात आहे. मग आपल्या घरातल्या कर्णबधिर लेकराची आपली भाषा कोणती? धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. जिथे स्वतः यावे लागते आणि डोळ्यांनी पाहावे लागते, अशीच ही भाषा आहे.

सगळे शिकले तर

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् विनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे दोन-अडीचशे वर्षे आनुवंशिक कारणाने कर्णबधिर मुले मोठ्या संख्येने जन्मत. एका गावात तर सुमारे २५ जणांत एक. मग गावाने काय केले? सगळ्यांनीच खुणांची भाषा उचलली. दुकानदार, कोळी, शेतकरी सगळे दोन्ही भाषा बोलत. कर्णबधिर माणसे मासेमारी करीत, लग्ने करीत, सभेत मत मांडीत. कान तसेच होते. अडचण मात्र उरली नव्हती. व्यंग शरीरात कमी आणि समाजाच्या वागणुकीत जास्त असते, हे आपल्याइतके कोणाला कळेल?

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो. बाळ हाकेला वळत नसेल तर 'उशिरा बोलेल' म्हणून बसू नका, अंगारा-धुपारा करू नका. शासकीय रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. पहिली पाच वर्षे भाषेसाठी सोन्याची असतात. श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला डॉक्टरांनी दिला तर तो जरूर ऐका. त्यासोबत खुणाही शिका. खुणांमुळे मूल बोलायचे विसरते ही समजूत खरी नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पात्र मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, शिक्षकांना सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का कर्णबधिरांसाठी ठेवला आहे. हक्क कागदावर आहे. तो मागायला माणसे लागतात.

आपल्या पदवीधर मुलामुलींनीही इकडे पाहावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचे क्षेत्रीय केंद्र सिकंदराबादला आहे आणि नांदेडहून तिथे थेट रेल्वे जाते. सांकेतिक भाषेचा दुभाषी होण्यासाठी पदविका अभ्यासक्रम आहे. कर्णबधिर तरुणांना ही भाषा शिकवण्याची पदविकाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील भगिनीने दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. बाबासाहेबांच्या संविधानाच्या त्या दारात हातांनी बोललेले शब्द पोहोचले. पण दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये असा दुभाषी कुठे दिसतो?

आणि विहार तर आपलाच आहे. जागा फुकट, सतरंजी आहे, उजेड आहे. शहरातला एखादा कर्णबधिर भाऊ किंवा ताई शोधा. शिकवण्याचे मोल द्या. फुकट राबवून घेऊ नका. आम्ही घरटी महिन्याला शंभर रुपये वर्गणी काढतो, ती ताईच्या हाती जाते. मजुरी बुडू नये म्हणून वर्ग रविवारीच. आईसोबत बाप आला पाहिजे, भावंडे आली पाहिजेत, शेजारची पोरे आली पाहिजेत. एकटी आई शिकली तर लेकराला एक खिडकी मिळते, वस्ती शिकली तर दार मिळते.

२३ सप्टेंबर हा आपल्याला संकल्प दिन म्हणून माहीत आहे. १९१७ साली त्या दिवशी बडोद्यात राहायला जागा न मिळालेल्या बाबासाहेबांनी झाडाखाली बसून समाजाच्या मुक्तीचा निर्धार केला. योगायोग असा की १९५१ साली याच तारखेला रोममध्ये कर्णबधिरांचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि २०१८ पासून संयुक्त राष्ट्रसंघ हाच दिवस जागतिक सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळतो. येत्या २३ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या प्रत्येक विहारात निदान एक वर्ग गोल बसावा, एवढाच संकल्प करू.

ती मुलगी आता दर रविवारी आमच्या आधी विहारात पोहोचते आणि सतरंजी अंथरते. सरळ नाही, गोल.

जय भीम!